जड पाणी व साधें पाणी : रूप एक, भार निराळा

मालवणच्या बंदरावर उभें राहून समुद्राकडे पाहिलें असतां कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग किल्ला दृष्टीस पडतो. शिवाजी महाराजांनीं इ. स. १६६४ सालीं ह्या किल्ल्याच्या बांधकामास आरंभ केला. किल्ल्याच्या चारी बाजूंस खारें पाणी. परंतु तटाच्या आंत दूधबाव, दहीबाव व साखरबाव ह्या तीन विहिरींस गोडें पाणी! सहलीस गेलेला प्रत्येक विद्यार्थी त्या बावींत डोकावून पाहतो आणि "समुद्राच्या पोटांत गोडें पाणी कसें?" असा प्रश्न गुरुजींस विचारतो. प्रश्न चांगला आहे. आणि त्याच्या उत्तरांतच आजच्या आमच्या विषयाचें बीज आहे.

बेटावर पडलेला पाऊस जमिनींत मुरतो. समुद्राचें पाणी गोड्या पाण्याहून शेंकडा अडीच भाग जड असतें. म्हणून मुरलेलें गोडें पाणी खालच्या खाऱ्या पाण्यांत लगेच मिसळून न जातां त्याच्यावर तरंगत राहतें. बेटांवरील व किनाऱ्यालगतच्या गोड्या विहिरींचें साधारण रहस्य हेंच होय. समुद्रसपाटीच्या वर गोडें पाणी एक फूट उभें असेल, तर तिच्या खालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असूं शकतें. उलट, विहीर भरमसाट उपसून ती वरची पातळी एक फुटानें उतरविली, तर खालचें खारें पाणी कालांतरानें चाळीस फूट वर चढूं पाहतें, आणि मग बावीचें पाणी मचूळ होतें. शेंकडा अडीच एवढ्याशा भाराच्या फरकावर किनाऱ्यावरील माणसाची तहान अवलंबून आहे!

आज आम्ही आमच्या वाचकांस ज्या पाण्याची ओळख करून देणार आहों, तें साध्या पाण्याहून शेंकडा सुमारें अकरा भाग जड आहे. आणि तरीहि त्यांत मिठाचा एक कणसुद्धां नाहीं. दिसावयास तें स्वच्छ, वासरहित व पारदर्शक. त्याचें नांवच मुळीं 'जड पाणी'. हें जडपण त्याच्या अंगीं कोठून आलें, त्याची रचना साध्या पाण्याहून कोठें व किती निराळी आहे, आणि हें समजून घेण्याची आपणांस गरज काय, ह्याचा विचार आपण क्रमानें करूं.

'जड' ह्या शब्दाचे तीन अर्थ

प्रथम शब्दाचा घोटाळा दूर केला पाहिजे. "त्या बावीचें पाणी जड आहे, डाळ शिजत नाहीं आणि साबणाला फेंस येत नाहीं," असें घरांतील वडील माणसें म्हणतात. हें जडपण चुन्याच्या व मॅग्नेशियमच्या क्षारांचें. त्यांतील कांहीं भाग पाणी उकळल्यानें जातो व भांड्याच्या बुडाशीं पांढरें किटण होऊन बसतो. शास्त्रांत अशा पाण्यास दुष्फेन म्हणतात. तें आमचें जड पाणी नव्हे.

दुसरें जडपण समुद्राच्या पाण्याचें. एक किलोग्रॅम समुद्रजलांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणून तें जड. हें जडपण नुसत्या उकळण्यानें जात नाहीं. शिरोड्याच्या मिठागरांत ऊन पाण्याची वाफ करून नेतें व मीठ मागें राहतें. तीच वाफ जर आपण धरून थंड केली, तर मिठावांचूनचें गोडें पाणी हातीं येईल. पण हेंहि आमचें जड पाणी नव्हे.

तिसरें जडपण सर्वांत गूढ आहे. पाणी दहा वेळां ऊर्ध्वपातित करा, त्यांतील प्रत्येक क्षार काढून टाका, तरी तें जात नाहीं. कारण तें पाण्यांत विरघळलेल्या कोणत्याहि पदार्थाचें नसून खुद्द पाण्याच्याच घटकाचें आहे. पहिलीं दोन जडपणें म्हणजे प्रवाशाच्या डोक्यावरील ओझें. तिसरें म्हणजे त्याच्या स्वतःच्या अंगाचा भार. ओझें उतरवितां येतें, अंगाचा भार कोठें ठेवणार?

दोन भाऊ : हायड्रोजन व ड्यूटेरियम

पाण्याचा अत्यंत लहान कण म्हणजे रेणु. एका रेणूंत ऑक्सिजनचा एक अणु व हायड्रोजनचे दोन अणु असतात, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थी जाणतातच. हायड्रोजनच्या अणूच्या मध्यभागीं एकच प्रोटॉन असतो व त्याच्या भोंवतीं एक इलेक्ट्रॉन. परंतु कांहीं थोड्या हायड्रोजन अणूंच्या गर्भांत प्रोटॉनच्या जोडीस आणखी एक कण असतो. त्याचें नांव न्यूट्रॉन. त्याच्यावर विद्युद्भार नसतो, पण वजन मात्र जवळजवळ प्रोटॉनएवढें असतें. अशा अणूचें वजन अर्थातच दुप्पट होतें. ह्या जड भावास ड्यूटेरियम म्हणतात.

हा भाऊ शोधून काढला अमेरिकेंतील रसायनशास्त्रज्ञ हॅरल्ड युरी व त्यांचे सहकारी ब्रिकवेड आणि मर्फी ह्यांनीं, १९३१ सालीं. त्यांची युक्ति आमच्या मिठागरकऱ्यांस सहज कळण्यासारखी आहे. त्यांनीं द्रवरूप केलेला हायड्रोजन सावकाश उडून जाऊं दिला. हलके अणु आधीं निघून जातात, जड मागें रेंगाळतात. शेवटीं जो थोडासा शेष उरला त्याच्या प्रकाशाची वर्णपटांत परीक्षा केली, तेव्हां हायड्रोजनच्या ओळखीच्या रेषांशेजारीं अगदीं फिकट अशा नव्या रेषा दिसल्या. ह्या शोधाबद्दल युरी ह्यांस १९३४ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. पुढें १९३३ सालीं गिल्बर्ट लुइस ह्यांनीं पाण्यांतून विजेचा प्रवाह सोडून सोडून जवळजवळ शुद्ध जड पाणी वेगळें केलें. कारण विजेनें पाण्याचें विघटन होतांनाहि हलका हायड्रोजन आधीं बाहेर पडतो व उरलेलें पाणी अधिकाधिक जड होत जातें.

हें द्रव्य दुर्मिळ खरें, पण दूरचें नाहीं. समुद्राच्या पाण्यांत हायड्रोजनच्या दर सुमारें ६,४०० अणूंमागें एक अणु ड्यूटेरियमचा असतो. म्हणजे दहा लिटरांची कळशी भरून आणली, तर तींतील सर्व ड्यूटेरियम एकत्र केल्यास सुमारें पावणेदोन ग्रॅम, चहाच्या चमच्याचा तिसरा हिस्सा, एवढें जड पाणी होईल. मात्र कळशींत तें असें एकत्र नसतें. ड्यूटेरियमचा अणु जेथें असतो तेथें बहुधा त्याचा सोबती साधा हायड्रोजनच असतो. दर सुमारें ३,२०० रेणूंमागें असा एक अर्धजड रेणु आढळतो. आणि ज्यांत दोन्ही हायड्रोजन जड आहेत असा पुरा जड रेणु मात्र चार कोटींहून अधिक रेणूंत एखादाच.

रचनेंत साम्य किती, भेद किती?

आतां मुख्य प्रश्नाकडे वळूं. पाण्याचा रेणु सरळ काठीसारखा नसतो. ऑक्सिजनच्या अणूस दोन हायड्रोजन दोन बाजूंस अशा रीतीनें जोडलेले असतात कीं, मध्यें सुमारें १०४.५ अंशांचा कोन होतो. एका मीटरचे दहा अब्ज भाग केले, तर त्यांतील एका भागाहून किंचित कमी एवढें प्रत्येक हायड्रोजनचें ऑक्सिजनपासूनचें अंतर. जड पाण्याच्या एकट्या रेणूचें मोजमाप घेतलें असतां कोन जवळजवळ तोच, अंतर जवळजवळ तेंच! कारण रेणूची आकृति ठरवितात इलेक्ट्रॉन व विद्युद्भार. आणि न्यूट्रॉनला तर विद्युद्भारच नाहीं. तो घरांत आला, पण घराची बांधणी त्यानें बदलली नाहीं.

ह्याचा पुरावा आमच्या विद्यार्थ्यांस साध्या भागाकारानें मिळवितां येईल. साध्या पाण्याचा रेणुभार १८.०२ व जड पाण्याचा २०.०३ आहे. २५ अंश सेंटिग्रेडवर साध्या पाण्याची घनता ०.९९७ व जड पाण्याची १.१०४ असते. प्रत्येक रेणुभारास त्याच्या घनतेनें भागा. एकाचें उत्तर सुमारें १८.०७ व दुसऱ्याचें सुमारें १८.१४ घन सेंटिमीटर येईल. म्हणजे रेणूंची संख्या सारखी घेतली, तर दोन्ही पाणी जवळजवळ सारखीच जागा व्यापतात. खोल्या त्याच, भिंती त्याच. राहणारे तेवढे जड झाले आहेत.

मग दोहोंच्या गुणांत फरक पडतोच कां? ह्याचें उत्तर रेणूंच्या हालचालींत आहे. अणु कधींहि स्वस्थ बसत नाहींत. ऑक्सिजन व हायड्रोजन ह्यांमधील बंध सतत कंप पावत असतो. कितीहि थंडी केली तरी हा कंप पूर्णपणें थांबत नाहीं, असा निसर्गाचा नियम आहे. आमच्या बंदरांत एकाच लांबीच्या दोरांनीं बांधलेल्या दोन होड्या मनांत आणा. एक रिकामी, दुसरी मालानें भरलेली. लाटा त्याच, दोरहि तेच. पण रिकामी होडी उसळ्या मारून दोराला हिसके देते, तर भरलेली सावकाश डुलते. दृष्टांत सर्वांशीं लागू पडत नसतो. अणूंच्या कंपनाचे नियम होड्यांच्या नियमांहून निराळे आहेत. तरी तात्पर्य हेंच कीं, जड हायड्रोजनचा बंध साध्या हायड्रोजनच्या सुमारें पाऊणपट वेगानेंच कंपतो. त्याच्या ठिकाणीं कंपनाची ही न थांबणारी शक्ति कमी असते, म्हणून तो तोडावयास अधिक श्रम पडतात.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावयाची. पाण्याचे रेणु एकमेकांपासून अलिप्त नसतात. एका रेणूचा हायड्रोजन शेजारच्या रेणूच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो व दोहोंमध्यें एक नाजूक दुवा निर्माण होतो. ह्यास हायड्रोजन-बंध म्हणतात. प्रत्येक रेणु अशा रीतीनें चार शेजाऱ्यांशीं हातांत हात घालूं शकतो, आणि रापणीच्या जाळ्याप्रमाणें सर्व पाणीभर एक जाळें विणलें जातें. फरक एवढाच कीं, हें जाळें क्षणोक्षणीं तुटतें व क्षणोक्षणीं नव्यानें विणलें जातें. जड पाण्यांत कंप कमी असल्यामुळें रेणूंतील ऑक्सिजनचा व ड्यूटेरियमचा बंध किंचित आंखूड राहतो, जाळ्याची विणकर किंचित अधिक व्यवस्थित असते व तिचे दुवे तुटावयास किंचित अधिक उष्णता लागते.

सारांश असा : एकट्या रेणूची आकृति दोहोंची एकच; भेद अणूच्या गर्भांतील भारांत; त्या भारामुळें भेद कंपनांत; आणि कंपनामुळें भेद रेणूंच्या परस्पर बांधणींत. ही सांखळी ध्यानांत ठेवली म्हणजे पुढील सर्व गुण पाठ करावे लागत नाहींत, ते आपोआप समजतात.

गुणांतील फरक

गोठण्याचा अंश : साधें पाणी ० अंश सेंटिग्रेड, जड पाणी ३.८ अंश.
उकळण्याचा अंश : साधें १०० अंश, जड सुमारें १०१.४ अंश.
सर्वांत दाट होण्याचा अंश : साधें सुमारें ४ अंश, जड सुमारें ११.२ अंश.
दाटरपणा, म्हणजे वाहण्यास होणारा अडथळा (२५ अंशांवर) : जड पाण्याचा सुमारें २३ टक्के अधिक.

जाळें अधिक घट्ट, म्हणून तें मोडून द्रव करण्यास अधिक उष्णता व वाफ करण्यासहि अधिक उष्णता. जाळें अधिक घट्ट, म्हणून प्रवाह अधिक मंद. हीं सर्व एकाच कारणाचीं फळें आहेत. आणखी एक गंमत : साध्या पाण्याचें बर्फ पाण्यावर तरंगतें हें आपण नेहमीं पाहतों. जड पाण्याचें बर्फहि जड पाण्यावर तरंगतें; परंतु तोच खडा साध्या पाण्याच्या पेल्यांत सोडला तर तळाशीं जाऊन बसतो!

रंगाविषयींहि एक मौज आहे. तारकर्लीचा स्वच्छ समुद्र निळा दिसतो. त्यांत आकाशाच्या प्रतिबिंबाचा भाग आहेच, पण साध्या पाण्यालाहि स्वतःचा अत्यंत फिकट निळा रंग आहे. ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचे कंप तांबड्या प्रकाशाचा थोडासा अंश शोषून घेतात व निळा शिल्लक राहतो. पेल्यांत हें कळत नाहीं, खोल पाण्यांत कळतें. जड पाण्याचे कंप मंद असल्यामुळें तें शोषण दृश्य प्रकाशाच्या बाहेर जातें, आणि म्हणून जड पाणी कितीहि खोल भरलें तरी त्याला तो निळेपणा येत नाहीं.

चवीचा वाद तर पुष्कळ वर्षें चालला. युरी ह्यांनीं १९३५ सालीं चव घेऊन दोहोंत फरक नाहीं असा निर्वाळा दिला होता. परंतु २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत शुद्ध जड पाणी माणसाला किंचित गोड लागतें, आणि जिभेवरील गोडी ओळखणाऱ्या ग्राहकांमुळेंच तें गोड लागतें, असें दाखवून देण्यांत आलें. उंदरांस मात्र ती गोडी कळत नाहीं. थोर शास्त्रज्ञाचाहि शब्द पुढील प्रयोगानें सुधारला जातो, हा ह्यांतील धडा विद्यार्थ्यांनीं विसरूं नये. साखरबावीची गोडी मात्र निराळी. ती मीठ नसल्याची गोडी आहे, जड पाण्याची नव्हे.

जीवसृष्टि व जड पाणी

जड पाणी हें पाणीच आहे, तर तें पिऊन जगतां येईल काय? लुइस ह्यांनीं आरंभींच तंबाखूचें बीं शुद्ध जड पाण्यांत ठेवून पाहिलें. तें रुजलें नाहीं. जिवंत शरीरांत क्षणोक्षणीं असंख्य हायड्रोजन-बंध जुळत व तुटत असतात. सर्व व्यवहार ठरलेल्या वेगानें चालले तरच देह चालतो. ड्यूटेरियमचे बंध सावकाश तुटत असल्यामुळें ह्या व्यवहारांची लय बिघडते. सस्तन प्राण्यांच्या शरीरांतील पाण्याचा सुमारें चौथा हिस्सा जड झाला तर त्यांस वंध्यत्व येऊं लागतें, आणि निम्म्याच्या आसपास जड झाला तर ते जगत नाहींत.

हें वाचून कोणी भिऊं नये. इतकें जड पाणी शरीरांत भरावयाचें तर दिवसेंदिवस केवळ तेंच पीत राहावें लागेल. एखादा पेला पोटांत गेल्यानें अपाय होत नाहीं. आपणां प्रत्येकाच्या शरीरांतील पाण्यांत कांहीं ग्रॅम जड पाणी होईल इतकें ड्यूटेरियम जन्मापासून आहेच. तसेंच ड्यूटेरियम हें किरणोत्सर्गी नाहीं, हेंहि नीट समजून घ्यावें. हायड्रोजनचा तिसरा भाऊ जो ट्रिटियम, तो किरणोत्सर्गी असून सुमारें १२.३ वर्षांत निम्मा होतो. अणुभट्टींत वापरलेल्या जड पाण्यांत तो तयार होतो, म्हणून तसल्या पाण्याची काळजी घ्यावीच लागते. नवें जड पाणी व भट्टींतून आलेलें जड पाणी ह्यांत हा भेद आहे.

अणुभट्टींतील काम

युरेनियमचा अणु फुटला म्हणजे न्यूट्रॉन फार वेगानें बाहेर पडतात. त्यांचा वेग कमी झाला तरच ते पुढचा अणु सहज फोडूं शकतात. कॅरमची सोंगटी भिंतीवर आपटली तर तशीच परत फिरते, पण आपल्याच वजनाच्या दुसऱ्या सोंगटीवर आपटली तर तिचा वेग त्या सोंगटींत जातो. त्याचप्रमाणें न्यूट्रॉनचा वेग मारण्यास हायड्रोजनसारखा हलका अणु उत्तम. परंतु साधा हायड्रोजन नुसता वेग मारीत नाहीं, पुष्कळ न्यूट्रॉन गिळूनहि टाकतो. ड्यूटेरियमच्या पोटांत एक न्यूट्रॉन आधींच असल्यामुळें त्याची भूक फारच थोडी. साध्या हायड्रोजनच्या मानानें सुमारें सहाशेपटींनीं कमी. म्हणून जड पाणी वापरलें तर खाणींतून निघालेलें नैसर्गिक युरेनियम चालतें, ज्यांत फुटण्याजोगा भाग शेंकडा ०.७ एवढाच असतो. साधें पाणी वापरावयाचें तर तो भाग कृत्रिम रीतीनें वाढवावा लागतो.

ह्याच गुणामुळें दुसऱ्या महायुद्धांत जड पाण्याला अपार महत्त्व आलें. तें मोठ्या प्रमाणावर तयार होत असे तें नॉर्वेंतील वेमॉर्क येथील कारखान्यांत. तो देश जर्मनांच्या ताब्यांत गेल्यावर फेब्रुवारी १९४३ मध्यें नॉर्वेच्या शूर तरुणांनीं बर्फाच्छादित दरी ओलांडून तेथील जड पाण्याचीं यंत्रें उडवून दिलीं; पुढील वर्षीं उरलेलें जड पाणी घेऊन जाणारी नावहि सरोवरांत बुडविण्यांत आली, व तींत निरपराध उतारूहि प्राणांस मुकले. ज्या पाण्यास रंग नाहीं, वास नाहीं, त्याच्यासाठीं एवढा अनर्थ!

आपल्या देशांत ह्याच पाण्याचा उपयोग शांततेच्या कामीं वीज निर्माण करण्याकडे झाला आहे. मुंबईजवळ तुर्भे येथें १९६० सालीं सुरू झालेली 'सायरस' ही संशोधनाची भट्टी जड पाण्यावर चालत असे. ती २०१० सालीं कायमची बंद झाली. भारतांतील पहिला जड पाण्याचा कारखाना १९६२ सालीं पंजाबांतील नांगल येथें निघाला. आमच्या कोंकणांत अलिबागजवळ थळ येथें १९८७ सालीं असा कारखाना सुरू झाला. तेथें शेजारच्या खतकारखान्याच्या वायूंतील ड्यूटेरियम अमोनियाच्या साहाय्यानें वेगळें करितात. पालघर जिल्ह्यांतील तारापूर येथें तर एकाच ठिकाणीं दोन्ही पाण्यांच्या भट्ट्या उभ्या आहेत : १९६९ सालच्या पहिल्या दोन साध्या पाण्याच्या, व २००५–०६ सालच्या पुढील दोन जड पाण्याच्या.

शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यांत जैतापूर येथें योजिलेल्या अणुवीजप्रकल्पाविषयीं आमच्या किनाऱ्यावर पुष्कळ वर्षें वादविवाद चालला आहे. मासेमारीचें काय होईल, जमिनीचें काय होईल, हे प्रश्न खरे आहेत, आणि त्यांचा निर्णय देण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु तेथें योजिलेल्या भट्ट्या साध्या पाण्याच्या जातीच्या आहेत, जड पाण्याच्या नव्हेत, एवढें तरी बोलणाऱ्यास ठाऊक असावें. विरोध करणें असो वा पाठिंबा देणें असो, शब्दांचे अर्थ न जाणतां केलेला वाद म्हणजे अंधारांत टाकलेलें जाळें. त्यांत मासळी कमी आणि गाळच फार.

पुनः बावीकडे

शेवटीं आपण जेथून निघालों त्या बावीपाशीं परत येऊं. समुद्राच्या पाण्याची वाफ होतांना अर्धजड रेणु साध्या रेणूंहून सुमारें ८ टक्के कमी तत्परतेनें उडतात. म्हणून ढगांतील पाणी समुद्राहून किंचित हलकें असतें. ढगांतून पाऊस पडतांना उलट जड रेणु आधीं खालीं येतात. म्हणून ढग जसजसे आंत व डोंगरावर जातात तसतसा त्यांचा पाऊस अधिकाधिक हलका होत जातो, असा साधारण नियम आहे. ह्याचा परिणाम असा कीं, समुद्राचें पाणी, किनाऱ्याचा पाऊस, घाटमाथ्याचा पाऊस व उन्हांत आटलेल्या तळ्याचें पाणी, प्रत्येकाच्या अंगावर ड्यूटेरियमच्या प्रमाणाची आपआपली खूण असते. ही खूण जिभेला कळत नाहीं, पण सूक्ष्म यंत्रांस कळते. विहीर मचूळ झाली तर तींत समुद्र शिरला आहे कीं जमिनींतील जुने क्षार विरघळले आहेत, कीं ऊन्हानें पाणी आटून खारटपणा वाढला आहे, हें नुसत्या चवीनें सांगतां येत नाहीं. ह्या खुणेच्या व क्षारांच्या परीक्षेनें बहुधा सांगतां येतें. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रांतील शास्त्रज्ञ अशा प्रकारचें संशोधन करीत असतात. रोग समजला तर उपाय सुचतो. समुद्र शिरला असेल, तर उपसा आवरला पाहिजे व पावसाचें पाणी जमिनींत मुरविलें पाहिजे. दुसरी विहीर खणून तीहि उपसल्यानें दुखणें वाढेल मात्र.

विद्यार्थ्यांनीं घरीं एक प्रयोग अवश्य करावा. कांचेच्या पेल्यांत अर्ध्यापर्यंत मिठाचें दाट पाणी घ्यावें. दुसऱ्या भांड्यांत गोड्या पाण्यांत थोडें कुंकू अगर रंग कालवून तें चमच्याच्या पाठीवरून हलक्या हातानें त्याच्यावर सोडावें. रंगीत थर वर स्थिर राहील. मग एका नळीनें वरचें पाणी जोरानें ओढून पहावें. खालचें खारें पाणी कसें वर येऊं लागतें हें डोळ्यांना दिसेल. आपल्या आईवडिलांस हा पेला दाखवावा व बावीवर पंप बसविण्यापूर्वीं त्यांच्याशीं दोन शब्द बोलावे.

सृष्टिकर्त्यानें पाण्याच्या एका थेंबांत किती भेद व किती ऐक्य भरून ठेविलें आहे! दोन रेणूंची आकृति एक, नांव एक, दर्शन एक. तरी एका अदृश्य कणाच्या भारानें एकांत बीं रुजतें व दुसऱ्यांत रुजत नाहीं. बाह्य रूप पाहून वस्तूची पारख झाली असें मानूं नये, आणि लहानशा फरकास क्षुल्लक म्हणून टाकूं नये. मोजावें, तोलावें, मगच बोलावें. उद्यां सकाळीं बावीवरून कळशी आणतांना तींत चमच्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढें जड पाणी दडलेलें आहे, ह्याची आमच्या बालवाचकांस आठवण झाली, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.